ऐरावतवरची गोणी

"मी गोणी!" असं ओरडून काका डोलकाठीच्या बुंध्याशी धप्पकन आडवा झाला, हातपाय पसरले आणि त्याने डोळे मिटले.

"अरे, सांगून तरी!" आत्या मागून ओरडली.

गोणी कधी सांगून पडते का? आणि पडल्यावर गोणी बोलत नाही. काका बोलला नाही.

मी खाली होते, ऐरावत नावाच्या होडीच्या बैठकीत, जेवणाच्या टेबलाला चिकटून.  ही गोणी नेहमीची नव्हती. आत्याने ऐरावत एकटीने बोयापर्यंत, म्हणजे होडी बांधायच्या तरंगत्या पिंपापर्यंत, आणून बांधला, तर तो आमचा. नाही आणला, तर नाही. आणि मला तो हवा होता. इतका हवा होता की पाचवीचा निकाल लागला तेव्हा मी गुण न बघता आधी तारीख बघितली होती, विजयदुर्गला जायला किती दिवस राहिले त्याची.

आता हे गोणीचं प्रकरण सांगते, नाहीतर कुणाला काही कळायचं नाही.

माझी अंजनीआत्या आणि शिरीषकाका शिडाच्या होडीवर राहायचे. खरंच राहायचे, म्हणजे चहा, आंघोळ, भांडणं, सगळं तिथेच. होडीचं नाव शिंपली, लांबी चोवीस फूट. ऑक्टोबर ते मे विजयदुर्गच्या खाडीत आणि आसपास, आणि पावसाळ्यात होडी किनाऱ्यावर ओढून, झापांनी शाकारून, दोघं चार महिने कोल्हापूरला आपल्या फ्लॅटमध्ये. आमच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे. काका जहाजांवर इंजिनियर होता, लवकर निवृत्त झाला. आत्या शाळेत भूगोल शिकवायची. होडी चालवायला काकानेच तिला शिकवलं आणि मग ती त्याच्यापेक्षा भारी झाली. हे मी म्हणत नाही, खाडीवरचे कोळी म्हणायचे. जाळी विणत बसलेले बाबलकाका मला सांगायचे, "वैनींचो हात लागलो की होडी शाणी होता. तुझ्या काकाचो लागलो की ती हसता."

शिंपली घेतली त्या वर्षी काकानेच नियम केला होता. समुद्रावर दोघंच असणार. एकाला चक्कर आली, डोकं आपटलं, काहीही झालं, तर दुसऱ्याला होडी एकट्याने घरी आणता आली पाहिजे. इंजिन बंद पडलंय असं धरून. ज्या होडीवर दोघांपैकी एकाला हे जमत नाही, ती होडी आपली नाही. मग दर वर्षी दोन-तीनदा, अचानक, कुणीतरी एक गोणी व्हायचं. गोणीने बोलायचं नाही, हलायचं नाही, डोळे उघडायचे नाहीत. तिसरं माणूस असेल तर ते खाली बसणार, तोंड बंद. एकदा आत्या गोणी असताना तिच्या नाकावर माशी बसली, ती सबंध पंचवीस मिनिटं तशीच. काका होडी बांधून येईपर्यंत तिने ती उडवली नाही. मी हसून हसून मेले होते. काका म्हणाला, "ही खरी गोणी. हिच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवावा."

तर त्या मेमध्ये ऐरावत आला. अडतीस फूट. पुण्याच्या एका निवृत्त कर्नलांचा. ते तो घेऊन गोव्याला निघाले होते आणि विजयदुर्गपर्यंत येईतो त्यांच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला. खाडीत आमच्या शेजारीच नांगर टाकला आणि धक्क्यावर चहा पिताना काकाला म्हणाले, "मनातून मी तो विकून मोकळा झालोय. आता फक्त घेणारा सापडायचाय."

काकाला त्या रात्री झोप नाही. सकाळी उठला तो आकडेच बोलत. इतकी उंची की ताठ उभं राहता येतं. दोन खोल्या. फ्रीज. पाण्याची टाकी तिप्पट. पावसाळ्यात ओढायची कटकट नाही, सरळ कोचीला जायचं, पुढच्या वर्षी लक्षद्वीप. "अंजू, हे म्हणजे तंबूतून घरात जाणं आहे. कायमचं पाण्यावर राहायचं म्हणतोय ना आपण? मग शिंपलीत किती दिवस गुडघे दुमडून झोपणार?"

"आणि कोल्हापूर?" आत्याने विचारलं.

"कोल्हापूर विकून तर तो घ्यायचा! दोन घरं कशाला?" मग माझ्याकडे वळून, "पुढची खोली केतूची. दार आहे बरं का, आतून कडी लागते."

आता सांगा, कोल्हापुरात मी हॉलमध्ये दिवाणावर झोपायचे, टीव्ही बंद होईपर्यंत झोप नाही. आतून कडी! मी उड्याच मारल्या. शिंपलीवर उड्या मारल्या की ती डुलते. आत्याने चहाचा कप धरला आणि मला विचारलं, "तुला हवाय तो?"

"हो हो हो!"

"हं," ती म्हणाली. मग काकाला, "शिरीष, माझा उजवा खांदा बघतोयस ना? वेणी घालायला हात वर जात नाही. एवढं मोठं शीड मी चढवणार?"

"विंच आहे, अंजू! हँडल फिरवायचं."

"तर गोणी करून बघू. नाही जमलं तर विषय बंद?"

"बंद. शब्द."

म्हणून मी टेबलाला चिकटले होते, काका वर आडवा होता आणि कर्नलआजोबा धक्क्यावर खुर्ची टाकून दुर्बिणीतून बघत होते. दुपारचा वारा उठला होता. ओहोटी लागली होती आणि ऐरावत हळूहळू खाडीच्या तोंडाकडे सरकत होता. म्हणजे वेळही मोजकाच.

विंच म्हणजे एक पोलादी ढोलकी. तिच्याभोवती दोराचे वेढे द्यायचे आणि हँडलने ती फिरवायची, की दोर इंच इंच ओढला जातो आणि शीड डोलकाठीवर चढतं. आत्या मागे सुकाणूपाशी ती फिरवत होती. पहिलं अर्धं शीड भराभर चढलं. मग टक, टक, टक, एकेक दात. मग टक… आणि बराच वेळ काही नाही. शीड फडफडत होतं, अख्खी होडी थरथरत होती. मला आत्याचा श्वास ऐकू येत होता. ती पुटपुटत होती, "चल रे बाबा. चल. चल ना."

टक.

खिडकीतून मला किल्ला दिसत होता, आणि तो मघापेक्षा जवळ होता.

टेबलाच्या वर छताला एक काचेची झडप होती. शिडाचा दोर डोलकाठीच्या बुंध्यापाशी कप्पीतून वळून छतावरून मागे विंचकडे जायचा, तो बरोबर या झडपेच्या शेजारून. आणि झडपेच्या मागे कॅनव्हासची छत्री होती, उन्हासाठी. त्यामुळे आत्याला झडप दिसायची नाही, आणि मधल्या फडफडत्या शिडामुळे धक्क्यावरूनही. हे सगळं मी आधी बघून ठेवलं होतं असं नाही. ते मला त्या क्षणी एकदम दिसलं, जसं गणित कधीकधी एकदम दिसतं.

मी टेबलावर चढले. झडप ढकलली. दोन्ही हातांनी दोर धरला आणि मागे लोंबकळले.

दोर आला. थोडा, पण आला. मागे विंच फिरली, टक टक टक. मी पुन्हा पुढून धरला, पुन्हा लोंबकळले. माझ्या तळव्यांची सालं निघत होती आणि मला ते कळतही नव्हतं. काका माझ्यापासून वीतभर अंतरावर पडला होता. सात-आठ वेळा ओढल्यावर शीड एकदम ताठ झालं, फडफड थांबली आणि अख्खा ऐरावत एका कुशीवर वळून पाणी कापायला लागला. मी झडप लावली आणि खाली येऊन बसले. मुठी फ्रॉकमध्ये.

पुढचं आत्यासाठी डाव्या हाताचा मळ. दोन वळणं घेऊन तिने तो थेट बोयावर नेला, शीड सोडलं, पुढे धावली आणि बोया बांधला. गोणी उठली आणि नाचायला लागली. "बघितलंस? बघितलंस? उगाच खांदा खांदा करत होतीस!" काकाने तिला उचललं. आत्या हसत होती आणि रडत होती आणि स्वतःच्या हातांकडे बघत होती, जणू ते आत्ताच कुणी आणून दिलेत. त्या आनंदात कुणी विचारलं असतं तर भूगोलाच्या बाई असूनही तिने सूर्य पश्चिमेला उगवतो असंही सांगितलं असतं. धक्क्यावर कर्नलआजोबा काठी टेकत उभे राहिले. "शाबास, अंजनीबाई! आमच्या हिला पंचवीस वर्षांत जमलं नाही!"

संध्याकाळी तिने बाबांना फोन केला. "दादा, एकटीने चढवलं, हं. एकटीने! या खांद्याने!" मी शेजारी बसून हाताला खोबरेल तेल लावत होते. तिने विचारलं काय झालं, मी म्हटलं दोर घासला. ते खोटं नव्हतं.

कोल्हापूरचा फ्लॅट पावसाळ्यापूर्वी गेला. शिंपली मिरजेच्या एका डॉक्टरांनी नेली. तिला न्यायला आले त्या दिवशी आत्या धक्क्यावर आलीच नाही, डोकं दुखतंय म्हणाली.

पहिल्या वर्षी फोटो यायचे. दुसऱ्या वर्षी मी मे महिन्यात गेले, पुढच्या खोलीत झोपले, आतून कडी लावली. झकास होतं. पण एक गोष्ट मला खटकली. आत्या दोराला हात लावायला गेली की काका म्हणायचा, "राहू दे, तुझा खांदा." शिंपलीवर तो असं कधीच म्हणाला नव्हता. आत्या मग चहा करायची. मे महिनाभर मी किती चहा प्यायले त्याला गणती नाही. आणि गोणी कुणी झालं नाही. मी विचारलं तर काका म्हणाला, "आता काय, पास झालोय आपण."

मग गेला डिसेंबर. कारवारच्या पुढे समुद्रात काकाला मुतखड्याची कळ आली. तो तळाला कोपऱ्यात मुटकुळं करून ओरडत होता आणि इंजिनच्या पंख्यात जाळं अडकलेलं. आत्या पाऊण तास विंच फिरवत राहिली. शीड अर्ध्यावर. मग खांद्यातून काहीतरी कट्‌ झालं आणि हात खाली आला तो आलाच. दिवसभर वाहत गेले. शेवटी एका ट्रॉलरने ओढून कारवारला आणलं. दवाखान्यात इंजेक्शन मिळाल्यावर काकाला बरं वाटलं आणि त्या ट्रॉलरवाल्यांसमोर तो हसत हसत म्हणाला, "आमच्या बाईसाहेब! सरावाला पहिला नंबर आणि पेपरला नापास!"

हे आत्याने आईला सांगितलं, आमच्या घरी, जानेवारीत. खांद्याचं ऑपरेशन करायला ती आमच्याकडे आली होती आणि माझ्या दिवाणावर झोपायची. मी जमिनीवर.

"तो चुकीचं नाही बोलला, वहिनी," ती म्हणाली. "एकदा चढवलंच होतं ना मी? एकटीने. तेव्हा खांदा काय वेगळा होता? मी घाबरले, दुसरं काही नाही. तो मरत होता आणि मी घाबरले."

मी आत अभ्यास करत होते. दहावीचं वर्ष. पान उलटायचं राहून गेलं.

तर आता मी कोण झाले होते ते सांगायला हवं. पाचवीतली मी मूग गिळून बसायची. आताची मी म्हणजे आंतरशालेय वादविवादात पहिली, बाईंना वर्गात "मला पटलं नाही" म्हणणारी, बसमध्ये पाय पसरून बसलेल्या काकांना "पाय घ्या" म्हणणारी. मूल्यशिक्षणाच्या तासाला मी स्वतः भाषण दिलं होतं, सत्याला उशीर नसतो वगैरे. टाळ्या पडल्या होत्या. मला वाटायचं, जगात अशी कुठलीच गाठ नाही जी नीट, स्पष्ट बोलून सुटत नाही.

फेब्रुवारीतला रविवार. दुपारी आई-बाबा लग्नाला गेले होते. आत्या मटार सोलत होती, एका हाताने, कारण दुसरा गळ्यात. बुधवारी तिचं कोचीच्या गाडीचं तिकीट होतं. काकाने दोन खलाशी घेऊन ऐरावत तिथे नेला होता आणि आता तिला बोलावलं होतं. ती म्हणाली, "जाऊन आधी त्याची माफी मागणार आहे. मी इतके दिवस रुसल्यासारखी बसले, तो एकटा आहे तिथे. हट्टी आहे तो, पण लबाड नाही गं. आयुष्यात मला एकदाही फसवलं नाही त्याने."

मी टोपलीसमोर बसले. "आत्या, मला तुला काहीतरी सांगायचंय."

"प्रेमात पडलीस?"

"नाही गं! ऐरावतचं. त्या दिवशी शीड तू एकटीने नव्हतं चढवलं. मी ओढला दोर. झडपेतून."

तिच्या हातातली शेंग अर्धी उघडलेली तशीच राहिली.

मी थांबायला हवं होतं. पण मी भाषणात कधी थांबत नाही, आणि आता तर वाफ बाहेर पडत होती, इतकं हलकं वाटत होतं! मी सगळं सांगितलं. टेबल, छत्री, तळव्यांची सालं. "म्हणजे तू घाबरली नव्हतीस, आत्या! कारवारला तू नापास झालीच नाहीस. ते तुला एकटीला जमणारच नव्हतं, कुणालाच जमलं नसतं. चूक माझी होती. तू कसली माफी मागतेस?"

तिने ती अर्धी शेंग टोपलीत परत टाकली. मग म्हणाली, "एकदाही नाही जमलं म्हणजे."

हे माझ्या भाषणात नव्हतं.

"शिरीष तिथेच पडला होता ना? डोलकाठीपाशी?" तिने विचारलं. "झडपेच्या शेजारी."

"हो."

"त्याला कळलं नाही?"

इथे एक रस्ता होता. 'नाही' म्हणायचं. एक शब्द. पण मी सत्याच्या तावात होते.

"त्याने डोळे उघडले होते," मी म्हटलं. "पहिल्यांदा मी दोर धरला तेव्हाच. त्याने माझ्याकडे बघितलं, आत्या. नीट बघितलं. आणि मग पुन्हा मिटले."

जवळजवळ पाच वर्षं मी हे कुणाला सांगितलं नव्हतं. त्याने डोळा मारला नाही, हसला नाही, बोट ओठांवर ठेवलं नाही. नुसतं बघितलं आणि मिटले. पण मला कळलं होतं की चालतंय. मोठा माणूस हो म्हणालाय.

चार वाजता त्याचा फोन आला, दर रविवारसारखा. आत्याचा हात मटारात, म्हणून तिने मला स्पीकर लावायला सांगितलं. मागे कोचीच्या फेरीबोटीचा भोंगा वाजत होता.

"काय अंजूबाई, भरलं का सामान?"

"शिरीष, ऐरावत घेतला त्या दिवशी तू गोणी झाला होतास. तेव्हा तुझे डोळे मिटलेले होते?"

भोंगा थांबला. पाण्याची चुळुक चुळुक तेवढी.

"केतू काही बोलली का?" काका म्हणाला.

आत्याने डोळे मिटून घेतले.

"अगं, पाच वर्षं होत आली त्याला," तो सांगत होता. "जवळजवळ जमलंच होतं तुला. थोडं कमी पडत होतं, पोरीने हात लावला. तू इतकी खूश झालीस, मी कशाला मोडता घालू? तुझ्यासाठीच ना… अंजू? ऐकतेयस ना? बुधवारी येतेयस ना?"

"येतेय."

"येताना मेतकूट आण. इथलं संपलंय."

"आणते," ती म्हणाली आणि मला फोन बंद करायची खूण केली.

मी उभीच राहिले. "तू जाणार? अजूनही?"

"मग कुठे जाऊ?" ती इतक्या साध्या आवाजात म्हणाली की जणू भाजीत मीठ किती ते विचारतेय. "कोल्हापूर विकलं. शिंपली विकली. तुझ्या दिवाणावर किती दिवस झोपू?"

"पण त्याने तुला फसवलं!"

"हो. आता कळलं. तासापूर्वी माहीत नव्हतं, तेव्हाही बुधवारचं तिकीट होतं, आताही आहे. फक्त तेव्हा मी नवऱ्याकडे चालले होते." तिने टोपली माझ्याकडे सरकवली. "केतू, एक सांग. हे तू माझ्यासाठी सांगितलंस की तुला जड झालं होतं म्हणून?"

वादविवादात अशा प्रश्नाला माझ्याकडे दोन मिनिटांत तीन मुद्दे असतात. मी टोपलीतली एक शेंग उचलली.

"डिसेंबरपासून मी स्वतःला भित्री म्हणतेय," ती म्हणाली. "तुझ्यासमोर म्हणतेय. तू पलीकडे बसून अभ्यास करत होतीस." आणि ती उठून गॅलरीत गेली. उरलेले मटार मी सोलले. सगळे.

बुधवारी बाबांनी तिला स्टँडवर सोडलं. मी चपला घालून तयार होते, ती म्हणाली पेपर आलेत जवळ, अभ्यास कर. मेतकुटाची बरणी तिने स्वतःच कापडात गुंडाळली होती.

पेपर झाले. चांगले गेले. सुट्टी आहे. मला अजून मे महिन्याचं कुणी बोलावलेलं नाही. आत्याचा फोन दर आठवड्याला येतो. आईशी भाजीबद्दल बोलते, बाबांशी त्यांच्या गुडघ्याबद्दल बोलते, मागून काकाचा आवाज येतो, दोघं हसतातसुद्धा कशावर तरी. मग बाबा म्हणतात, "थांब, केतकीला देतो," आणि मी हात पुसून फोन घेते, आणि कोचीची रेंज जाते.